गाडीलाही थंडी वाजते, बॉस!

थंडी पडली की शहरात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे जिमची मेंबरशिप आणि दुसरी जुन्या बाइकवरून भल्या पहाटेची राइड. पहिलीचा उत्साह जानेवारी संपेपर्यंत टिकतो. दुसरी कधीकधी पार्किंगच्या बाहेरच पडत नाही. लेदर जॅकेट, ग्लोव्ह्ज, थर्मासमध्ये कॉफी, सगळं तय्यार... आणि गाडी ढिम्म! पंधरा किका, वीस किका, वॉचमन स्वेटरच्या आतून मिश्किल हसतोय, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतलीय. शेवटी हीरो घामाघूम होऊन ॲक्टिवा काढतो.

तर आजचा कॉलम त्या न लागणाऱ्या किकबद्दल. मास कॉमच्या दोन वर्षांत मला कॅमेरा अँगलपासून कम्युनिकेशन थिअरीपर्यंत सगळं शिकवलं, कार्ब्युरेटर काही शिकवला नाही. तो मला शिकवला मामांनी. मामांचं गॅरेज आहे बीड जिल्ह्यात, पाटोद्याला. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, समोर चिंचेचं झाड, आणि झाडाखाली कायम कुणाची तरी गाडी उघडी पडलेली.

बीड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दुष्काळ, टँकर, रणरणतं ऊन. बरोबरच आहे ते. पण पाटोदा बालाघाटच्या डोंगरावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खालीही उतरतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, आणि मोकळ्या अंगणात उभी असलेली गाडी रात्रभर गारठून लोखंडाचा नुसता गोळा झालेली. ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते यार’ असं म्हणणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला तिथे एकदा राजदूतला किक मारून बघावी.

राजदूत आठवते ना? ‘बॉबी’मध्ये ऋषी कपूर ज्या पिटुकल्या गाडीवर डिंपलला घेऊन पळतो ती राजदूतच, जीटीएस मॉडेल. ती झाली हीरोची. तिची थोरली, धट्टीकट्टी बहीण म्हणजे एस्कॉर्ट्सची १७३ सीसी टू-स्ट्रोक. तिच्यावर मात्र अख्ख्या महाराष्ट्रातल्या दूधवाल्यांनी संसार केले. मामांच्या गल्लीत अजून एक आहे. मालक म्हणजे तात्या, वय पासष्टच्या पुढे. मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परत येतात. मधले चार-पाच महिने घरात तात्या, म्हातारी, दोन नातवंडं आणि तीन म्हशी. रोज पहाटे दोन कॅन दूध राजदूतला लटकवून तात्या डांबरी रस्त्यावर जातात. तिथे संकलनाचा टेम्पो येतो तो साडेसहाला. टेम्पो थांबत नाही. गेला तर गेला. मग ते दूध घरी आणायचं आणि चुलीवर आटवून खवा करायचा, म्हणजे सरपण आपलं, कष्ट आपले, आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हा मिळेल. आपल्याला गाडी चालू झाली नाही तर एक संडे राइड हुकते. तात्यांचा हुकतो तो दिवसाचा पगार.

आता थोडं सायन्स. घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं नाही.

मामांचं एक वाक्य आहे, ते मी वहीत लिहून ठेवलंय. ‘पोरी, गाडी पेट्रोलवर चालत नसती. पेट्रोलच्या वाफंवर चालती.’ पातळ पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. कार्ब्युरेटरचं काम एवढंच की आत येणाऱ्या हवेत पेट्रोलचा बारीक फवारा सोडायचा. वजनाने बघितलं तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. पुढे त्या फवाऱ्याची वाफ होणं न होणं हे उष्णतेवर. उन्हाळ्यात काही प्रश्नच नाही. थंडीत मात्र फवाऱ्यातला बराचसा भाग गारठलेल्या नळीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन चिकटतो, थंड ताटावर तूप थिजतं तसा. सिलिंडरपर्यंत पोचते ती नुसती हवा आणि नावापुरती वाफ. ठिणगी पडते, पण पेटायला काही नसतं.

त्यात गंमत अशी की कार्ब्युरेटर स्वतःलाच गार करत असतो. माठातलं पाणी कसं गार होतं? पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जातं. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार वाटतं तेही याच कारणाने. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी खाली जाऊ शकतं. म्हणजे बाहेर दहा असेल तर आत शून्याखाली! हवेत दमट असेल तर आत चक्क बर्फ धरतो. बीडच्या कोरड्या थंडीत बर्फाचं तेवढं भय नाही, थेंबांचा त्रास मात्र भरपूर.

वर हवा थंड म्हणजे दाट. दहा अंशांची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के जड असते. कार्ब्युरेटरचा जेट तोच, भोक तेच. तो बिचारा थोडंफार सांभाळून घेतो, पूर्ण नाही. एकूण काय, हवा जास्त आणि वाफ कमी.

यावर जगाने काय केलं? चारचाकीत, जिथे रेडिएटर असतो, तिथे इंजिनचं गरम पाणी त्या नळीभोवती फिरवून आणायचं, काम तमाम. पण एअर-कूल्ड इंजिनात पाणीच नाही! तिथे उष्णता आणायची कुठून? सायलेन्सरमधून. फोक्सवॅगनच्या बीटलचं इंजिन मागे, पंख्याच्या हवेवर गार होणारं. तिच्या इनटेकच्या नळीला खेटून आणखी एक बारीक नळी जाते, तिच्यातून एक्झॉस्टचा गरम धूर फिरतो. शिवाय एअर क्लीनरला एक झडप असते. थंडीत ती सिलिंडरच्या बाजूची तापलेली हवा आत घेते, आणि हवा पुरेशी गरम झाली की बंद होते. धुराची नळी काजळीने बुजली की जुन्या बीटलच्या कार्ब्युरेटरखाली पांढरं दव धरतं, आणि मालक म्हणतो की गाडी झटके का मारतेय? बीटलचं शेवटचं मॉडेल मेक्सिकोत २००३ साली बाहेर पडलं, तोवर तिचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं होतं.

विमानात तर हा जिवाचा मामला. सेस्ना १५२ सारख्या छोट्या ट्रेनिंगच्या विमानाचं इंजिनही एअर-कूल्ड आणि कार्ब्युरेटरवाला. पायलटसमोर एक बटण असतं, कार्ब हीट. ते ओढलं की सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या खोळीतली गरम हवा कार्ब्युरेटरला मिळते. इंजिनचा आवाज लगेच किंचित खाली येतो, कारण गरम हवा पातळ, त्यामुळे ताकद कमी. म्हणून ते कायम ओढून ठेवायचं नसतं. वीस अंशांच्या छान, ढगाळ, दमट हवेतही आत बर्फ धरू शकतो, आणि वर आभाळात गाडी ढकलायला कुणी नसतं.

आणि आपल्या दुचाक्यांना काय मिळालं? चोक. बस्स. चोक काही उष्णता देत नाही, तो फक्त पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. दहा थेंब सोडले तर दोनाची तरी वाफ होईल, असा तो हिशेब. जुन्या अमल पद्धतीच्या कार्ब्युरेटरला तर चोकबरोबर टिकलर असायचा. बोटाने दाबायचा, पेट्रोल बोटावर ओघळलं की बास. बुलेटवाल्यांचा पुढचा विधी तुम्हाला ठाऊक आहेच. डीकॉम्प्रेसर ओढायचा, ॲम्पियरचा काटा मधोमध आणायचा, मग एकच सणसणीत किक. आणि चेतक? तिला एका कुशीवर आडवी करायची! माझ्या पिढीच्या प्रत्येकाच्या घरात हा सीन झालाय. बाबा ऑफिसच्या कपड्यांत, स्कूटर तिरकी, आई दारातून ‘अहो, शर्टाला लागेल’. आडवी केली की फ्लोटच्या वाटीतलं थोडं जास्तीचं पेट्रोल वाटेला लागतं. म्हणजे हाताने केलेला चोकच तो. पण मामांच्या मते चेतकला निदान एक आडोसा होता. तिचा कार्ब्युरेटर उजव्या बाजूच्या फुगीर पत्र्याखाली, इंजिनच्या कुशीत बसतो. दोन मिनिटं चालली की आत ऊब धरते. मोटरसायकलचा कार्ब्युरेटर मात्र उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी.

आता चोकचा तोटा. पहिल्या चार-पाच किकांत गाडी लागली तर ठीक. नाही लागली तर न झालेल्या वाफेचे थेंब साठतात, प्लग भिजतो आणि गाडी ‘ओव्हर’ होते. मग कितीही किका मारा. आपल्या लेदर जॅकेटवाल्या हीरोचं हेच झालेलं असतं. अशा वेळी चोक बंद करायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि सात-आठ किका मारायच्या, म्हणजे आतलं ओलं बाहेर जातं. नाहीतर प्लग काढून पुसून पेपर मारायचा. आणखी एक, बुलेटच्या मिककार्बसारख्या कार्ब्युरेटरला चोक ओढल्यावर ॲक्सिलरेटर अजिबात द्यायचा नाही. दिला की चोकचा असर जातो. आपण नेमकं तेच करतो, कारण हात शिवशिवतात.

खरा धोक्याचा भाग पुढे आहे. शेतावरच्या डिझेल इंजिनाला थंडीत चालू करताना बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरायची जुनी पद्धत आहे. डिझेलला ती चालते, कारण तिथे आत नुसती हवा जाते. पण हाच फंडा कुणीतरी पेट्रोलच्या गाडीवर आणतो. कार्ब्युरेटरखाली चिंध्यांचा जाळ करतो, किंवा काडेपेटीच्या उजेडात पेट्रोल येतंय का ते बघतो. चोक ओढलेला, वाटी भरलेली, कॉकची वायसर गळकी... पुढचं सांगायला नकोच. मामांच्या शेडमध्ये एक जळका हँडल खुंटीला टांगलेला आहे. कुणाचा ते मामा सांगत नाहीत. नवं पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला तो दाखवतात. ‘लोखंडाला ऊब दे, पेट्रोलला जाळ दाखवू नगं.’ एवढंच ट्रेनिंग.

मग ऊब द्यायची कशी? मागच्या डिसेंबरात मी तिथे होते तेव्हा तात्यांची राजदूत रुसली. सहा वाजत आलेले. तात्या किका मारून दमलेले, कानटोपीतून वाफा निघताहेत. मामा म्हणाले, ‘आता पाय सुजवून घेता का तात्या? बसा जरा.’ मामींनी अंघोळीच्या हंड्यातलं कढत पाणी तांब्यात आणलं. मामांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, एक जाड फडकं पाण्यात बुडवून पिळलं आणि कार्ब्युरेटर सिलिंडरला जोडणाऱ्या तोंडाभोवती गुंडाळलं. गार झालं की पुन्हा पिळून, पुन्हा गुंडाळलं. असं तीनदा. एअर क्लीनरच्या बाजूला थेंब जाऊ दिला नाही. मधल्या वेळात प्लग काढून पुसला. मग कॉक उघडला, चोक ओढला आणि तात्यांना म्हणाले, ‘मारा आता.’ दुसऱ्या किकला लागली. निळ्या धुराचा तो टिपिकल लोट, आणि तात्या मागे न बघता निघाले. मिळाला टेम्पो? मिळाला.

गरम पाण्यातलं फडकं! ना गॅजेट, ना ॲप. पण बघा, बीटलच्या इंजिनियरने धुराची नळी जिथे नेली, मामांचं फडकं बरोबर त्याच जागी होतं. पेट्रोलचे थेंब जिथे चिकटतात तिथेच ऊब द्यायची. अख्खी टाकी शेकत बसायचं नाही.

फडकं गाडी चालू करून देतं, पण पुढच्या दोन-तीन किलोमीटरांचं काय? इंजिन अजून गारच, उताराला ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद. म्हणून लोक चोक ओढूनच गाडी हाणतात. स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोकला हे फार वाईट. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा घासतात, आणि पुढच्या वर्षी गाडी ऑइल प्यायला लागली की मालक कंपनीच्या नावाने शंख करतो. तात्यांच्या राजदूतला मामांनी त्यावर एक इलाज करून दिलाय. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून सायलेन्सरच्या बेंडभोवती सैलसर गुंडाळलाय, आणि तिथली तापलेली हवा जाड रबरी पाइपने एअर क्लीनरच्या तोंडाशी नेलीय. कार्ब्युरेटरपासून लांब, म्हणजे पेट्रोल ठिबकलं तरी गरम पत्र्यावर पडणार नाही. सेस्नाची ती पत्र्याची खोळ, पाटोदा एडिशन! मी मामांना सेस्नाचं सांगितलं तर म्हणाले, ‘असंल. त्यांच्याकडंबी डबे असतीलच की.’

आता आपल्या शहरी मंडळींकडे. माझा एक मित्र हिंजवडीत आयटीत आहे. त्याने एक जुनी कास्ट आयर्न बुलेट घेतली, रिस्टोअरेशनला किती घातले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. दिसायला सॉलिड. तो माझ्याबरोबर पाटोद्याला आला, येताना एकदम झक्कास, दुसऱ्या दिवशी सकाळी मुकी. मामांनी एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न टाकला, ‘पेटी कुठंय?’ पेटी म्हणजे ओरिजिनल एअर क्लीनरचा बॉक्स. मित्राने तो काढून क्रोमचा उघडा कोन फिल्टर लावला होता. जेट जुनेच. उघड्या फिल्टरने हवा आणखी वाढली आणि जो काही आडोसा होता तो गेला. मामांनी फडकं आणलं, गाडी चालू करून दिली, आणि चहा पिताना शांतपणे म्हणाले, ‘दागिना छान आहे. पेटी परत बसवा.’ मित्र भारीतला युट्यूब बघून शिकलेला, त्याने वाद घालायचा प्रयत्न केला. मामा बिस्कीट चहात बुडवत राहिले.

या थंडीत हा सगळा मामला आणखी चिघळलाय, आणि त्याचं कारण पंपावर आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलच्या साधारण अडीच पट उष्णता लागते. शिवाय त्याच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. नुसत्या पेट्रोलचा जो १४.७ चा हिशेब, तो या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे बघतो आणि पेट्रोल वाढवतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आल्यापासून बहुतेक नव्या दुचाक्या तशाच आहेत. पण १९८५ च्या राजदूतला कोण सांगणार? तिच्या जेटचं भोक शुद्ध पेट्रोलच्या मापाचं. म्हणजे थंडीमुळे आधीच पातळ झालेलं मिश्रण आणखी पातळ. जुनी रबरं फुगतात ते वेगळंच.

ब्राझीलने हे आपल्या कितीतरी आधी भोगलंय. तिथे १९७५ ला सरकारने उसाच्या अल्कोहोलची योजना काढली आणि पुढे निव्वळ अल्कोहोलवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या. थंड सकाळी त्या चालूच होईनात. मग कंपन्यांनी बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी दिली, फक्त चालू करण्यापुरती. तिथल्या एअर-कूल्ड फोक्सवॅगनलाही ती होती. आपल्याकडे अशी टाकी कुणी देणार नाही, पण कल्पना बघा किती सरळ आहे. थंड इंजिनाला लवकर वाफ होणारं काहीतरी द्या, मग हवं ते पाजा.

आपल्याकडचं इथेनॉल उसाचंही असतं आणि धान्याचंही. तात्यांचा मुलगा आणि सून त्याच वेळी, त्याच थंडीत, पहाटे चारला पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडात कोयता घेऊन उभे असतात. त्यांनी तोडलेल्या उसातलं काहीतरी फिरून तात्यांच्या टाकीत येत असेल का? मी हे तात्यांना बोलून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘तिकडं त्यांचा खाडा पडला की पैसे कापतेत. हितं माझा पडला की दूध नासतं. गाडीनं तेवढं समजून घ्यावं.’

मामा आता जुन्या गाड्यांना मेन जेट आणि स्लो जेट एक नंबर मोठा टाकून बघताहेत. प्लगचा रंग बघायचा. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, काळाकुट्ट असेल तर जास्त झालं, चहासारखा बदामी आला की थांबायचं. पेट्रोलची नळी नवीन, इथेनॉल सोसणारी. रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला, वर गोणपाट. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल चालवून संपवायचं, नाहीतर वाटीत राहिलेल्याचा चिकटा होतो आणि स्लो जेट बुजतो.

आणि हो, तो डब्याचा पत्रा. महाशिवरात्र झाली की मामा स्वतः तात्यांच्या घरी जाऊन तो सोडवून आणतात. तात्या विसरतात म्हणून. पाटोद्यात मे महिन्यात चाळिशीच्या वर जातं. तेव्हा तीच गरम हवा आत घेतली तर ताकद जाते, इंजिन ठोकायला लागतं. त्यात नळीतल्या पेट्रोलची भलत्याच जागी वाफ होऊन गाडी भर उन्हात व्हेपर लॉकने बंद पडते, तेव्हा त्याच कार्ब्युरेटरवर तेच फडकं ठेवायचं, गार पाण्यात पिळून. पत्रा शेडमध्ये खिळ्याला अडकवलेला असतो, दिवाळीपर्यंत.